माळ्यावरची उबवण

तुडील गावात कुणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून कोपऱ्यात फुगून बसली आणि जवळ जाणाऱ्याच्या हाताला टोचायला लागली, की पहिली हाक अपेक्षाला जाते. ती येते, ओटीवर न टेकता तशीच मागच्या परसात जाते, कोंबडीच्या पोटाखाली हात सारते, जरा थांबते आणि निकाल देऊन टाकते.

"बसव हिला. पक्की हाय." नाहीतर, "हिच्याखाली अंडी वाया नको घालू. उद्या उठून फिरायला जाईल बाय."

परवा शेजारची समीक्षा तिला बोलवायला आली तेव्हा रडवेली झाली होती. समीक्षा नवी नवरी, माहेर महाड शहरातलं, कोंबडी तिने लग्नाआधी ताटातच पाहिलेली. तिची कोंबडी खुडूक झाली होती आणि घरात कोंबडा नसल्यामुळे अंडी सगळी फोल. बसवून उपयोग नाही आणि कोंबडी तर उठायला तयार नाही. कुणीतरी सांगितलं होतं, नाकात पीस खुपसून ठेव, आपोआप ताळ्यावर येते.

"आधी तुझ्या नाकात घालून बघू काय?" अपेक्षाने विचारलं. "हिच्या पोटाला ताप चढलाय गो, उबवायचा ताप. तो उतरव, झाला. पेंढा काढून टाक. चार बांबू आडवे बांध, त्याच्यावर हिला ठेव नि वरून डालगं झाक. खालून वारा लागला, पोट गार झालं की हिची हौस फिटेल. दाणापाणी मात्र तोडू नको. उपाशी ठेवतात काही बाया. शिक्षा करायला तिनं काय गुन्हा केलाय?"

आणि समीक्षाला बांबू कसे बांधायचे ते दाखवूनच ती घरी परतली.

अपेक्षाचं माहेर कुडपणचं. पोलादपूरहून वर वर चढत गेलं की डोंगराच्या माथ्यावर ते पठार लागतं. तिथं नाचणी-वरीची शेती आणि वाऱ्याची ये-जा. तिथल्या कोंबड्यासुद्धा डोंगरी वळणाच्या. अंगाने बारीक, पिसं घट्ट, घार दिसली की एका झेपेत करवंदीच्या जाळीत. अपेक्षाची आई अशा कोंबड्यांचं मोठं खिल्लार राखून होती. मुलगी पायात घोटाळायला लागली तशी ती आईच्या मागे मागे खुराड्यात शिरायला लागली आणि कोणती कोंबडी कुठल्या आवाजात काय म्हणते हे तिला अक्षरओळखीच्या आधी कळायला लागलं.

लग्न होऊन ती खाली सावित्रीच्या काठी तुडीलला आली. नवरा मंगेश वीर स्टेशन ते महाड अशी रिक्षा चालवणारा, शांत, हसरा. घरात सासू राहीबाई. राहीबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. मांसमच्छी तर सोडाच, शेजारी सुकट भाजली तरी त्या खिडकी लावून घ्यायच्या. पहिल्या माहेरपणाहून परत येताना आईने अपेक्षाला डालग्यात, म्हणजे कोंबड्या झाकायच्या बांबूच्या टोपल्यात, घालून एक कोंबडी आणि एक कोंबडा दिला. ते डालगं दारात उतरलं आणि राहीबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आणलंस?"

"आईनं दिलंय."

"आईनं दिलं ते आईकडं ठेवायचं. या अंगणात कोंबडी नाय."

दुसरी एखादी असती तर डालगं घेऊन तशीच मुकाट मागे फिरली असती, नाहीतर भांडली असती. अपेक्षाने तसं काहीच केलं नाही. तिने विचारलं, "अंगणात नाय. परसात?"

राहीबाईंना वाद अपेक्षित होता, प्रश्न नव्हता. त्या गोंधळल्या. "परसात... परसात काय ते कर. पण तुळशीपाशी एक जरी आली ना, तर मी हाकलणार नाय, तुलाच हाकलीन."

अपेक्षाने दुसऱ्याच दिवशी कोयती घेतली, रानातून करवंदीचे काटे ओढून आणले आणि परसाला असं कुंपण घातलं की कोंबडी काय, उंदीरही विचार करून शिरावा. रिकाम्या गोठ्यात तिने खुराडं उभं केलं. तेव्हापासून कितीतरी वर्षं गेली. मुलगा हर्षद झाला, मोठा झाला, पुण्याला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. कोंबड्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या झाल्या. पण तुळशीपाशी एकही गेली नाही, आणि राहीबाईंनीही एकीलाही हात लावला नाही. फक्त सकाळी त्या चिमण्यांसाठी म्हणून मूठभर कणी टाकायच्या, ती नेमकी कुंपणाच्या पलीकडे पडायची. चिमण्या त्या बाजूला कधी फिरकत नसत. अपेक्षाने हे कधी बोलून दाखवलं नाही.

मग ते वाईट साल आलं. उन्हाळ्यात गावात मानमोडी शिरली. कोंबडी माना वाकड्या करून गोल फिरायला लागते आणि दोन दिवसांत आडवी होते, तो रोग. घराघरांतली खुराडी रिकामी झाली. अपेक्षाने तालुक्याच्या दवाखान्यातून लस आणून डोळ्यांत थेंब घातले, पण उशीर झाला होता. तिच्याकडे तीन कोंबड्या आणि एक कोंबडा एवढेच उरले. ते वाचले म्हणून ती जरा सावरते आहे तोच ज्येष्ठात रानमांजराने कोंबडा नेला.

हा घाव मोठा होता. आईला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. कुडपणचं घर बंद, भाऊ मुंबईत. त्या डोंगरी वाणाचं बी आता जगात कुठे असलंच तर ते याच तीन कोंबड्यांच्या पोटात. अपेक्षाला एक गोष्ट ठाऊक होती, कोंबडा गेला तरी आठ-दहा दिवस कोंबड्या भरीव अंडी देतात. म्हणून तिने त्या दिवसांतलं एकेक अंडं उचललं, पुसायच्या भानगडीत न पडता टोक खाली करून तांदळाच्या डब्यात रोवलं आणि वाट पाहायला लागली. तिघींपैकी एक तरी बसायला हवी होती. नाही बसली तर अंडी शिळी होणार आणि सगळंच आटोपणार.

आणि ठिपकी बसली. करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेली ही सगळ्यात म्हातारी कोंबडी. आषाढाच्या तोंडावर ती गोठ्याच्या कोपऱ्यात फुगून बसली आणि अपेक्षाचा हात पाहून घशातल्या घशात गुरगुरली. अपेक्षाला इतका आनंद झाला की ती तशीच धावत घरात आली आणि समोर दिसल्या राहीबाई, तर त्यांनाच सांगून मोकळी झाली.

"ठिपकी खुडूक झाली!"

राहीबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पावसाळ्यात कुणी बसवतं काय? गारठ्यात पिल्लं जगत नाय. आणि वीज कडाडली की अंडी नासतात."

गारठ्याचं म्हणणं खरंच होतं. अपेक्षा स्वतः दिवाळीनंतर कोंबड्या बसवायची. हवा कोरडी, ऊन कोवळं, दाणे मुबलक. होळीपर्यंत पिल्लं पायावर उभी राहायची. पावसात बसवणाऱ्या बायांना तिनेच वेड्यात काढलं होतं. पण आता दिवाळीची वाट बघायला अंडी थांबणार नव्हती.

"जगवू," ती म्हणाली. "मी हाय ना."

तिने ठिपकीची परीक्षा घेतली. दोन दिवस तिच्याखाली साधी फोल अंडी ठेवली, दाण्यासाठी उठते का, उठली तर परत येते का, ते पाहिलं. ठिपकी दिवसातून एकदा उठे, घाईघाईने दाणे टिपे, धुळीत एक गिरकी घेई आणि परत. पास. मग अपेक्षाने बांबूची पसरट टोपली घेतली, तळाला चुलीतली चाळलेली राख घातली म्हणजे किडे लागत नाहीत, वर माळ्यावरचा कोरडा पेंढा चुरून त्याला मुठीने वाटीसारखा खळगा केला. डब्यातली अंडी एकेक करून पाहिली. फार लांबट नको, फार वाटोळं नको, पातळ कवचाचं नकोच. अकरा निवडली, कारण जोडीच्या आकड्याने अंडी ठेवू नयेत असं तिची आई म्हणायची. कारण काय ते आईलाही ठाऊक नव्हतं. तिन्हीसांजेला, कोंबडीला फारसं दिसेनासं झालं तेव्हा, तिने फोल अंडी काढून घेतली आणि ही सारली. ठिपकीने चोचीने एकेक ओढून पोटाखाली घेतलं, अंग पसरलं आणि डोळे मिटले.

अपेक्षा वळली तर गोठ्याच्या दारात राहीबाई उभ्या. आत पाऊल न टाकता त्यांनी हात पुढे केला. हातात कोळशाचा खडा, एक लाल मिरची आणि गंजका खिळा.

"टोपलीत ठेव. विजेपासून."

"तुमचा विश्वास हाय यावर?"

"माझ्या सासूचा होता," राहीबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आठवड्याने अपेक्षाने घोंगडीखाली काळोख करून मोबाईलच्या उजेडात अंडी पाहिली. मंगेशला हाताशी घेतलं होतं. अंड्यात तांबड्या शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलेलं दिसलं आणि मधोमध एक ठिपका धडधडत होता. मंगेशने तोंडाचा आ केला तो मिटलाच नाही. दोन अंडी कोरीच निघाली, ती बाजूला झाली. उरली नऊ.

"नऊ फार झाली," अपेक्षा म्हणाली. "नऊवर मी अख्खा गाव भरीन."

पाऊस चढत गेला. अंडी फुटायला दोन-तीन दिवस उरले असतील, तेव्हा वर घाटमाथ्यावर ढग कोसळले. सावित्रीला वरून लोंढा आला की तुडीलकर नेहमी भरतीकडे बघतात, कारण खाली खाडी भरलेली असली तर नदीला जायला जागा राहत नाही. त्या दिवशी दोन्ही एकदमच आलं. मंगेश आदल्या संध्याकाळी वीरला भाडं घेऊन गेला होता, तो रस्ता बंद झाल्यामुळे तिकडेच अडकला. सकाळी फोन लागला तेव्हा तो एवढंच ओरडून सांगू शकला, "महाडात बाजारात पाणी शिरलंय! तुम्ही वर चढा!" आणि फोन गेला तो गेलाच.

अपेक्षाने मागचं दार उघडलं. परस दिसेना. करवंदीच्या कुंपणाच्या जागी गढूळ पाण्यावर काट्यांची टोकं हलत होती.

तिने एका मिनिटात ठरवलं आणि मग ती नुसती हात-पाय झाली. आधी राहीबाईंना शिडीवरून माळ्यावर चढवलं. मग कमरेएवढ्या पाण्यातून गोठ्यात गेली. बाकीच्या दोन कोंबड्या काखेत मारून आणल्या आणि वर फेकल्या. मग ठिपकीची टोपली. वरून गोणपाट टाकलं, टोपली डोक्यावर घेतली, पाण्यातून पाय चाचपत घरात आली आणि शिडीच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर होती तेवढ्यात पाण्याने घरातली पत्र्याची पेटी उचलून भिंतीवर आपटली. धडाम्! गोणपाटाखालून ठिपकी बाणासारखी सुटली. उघड्या दारातून बाहेर, पाण्यावरून फडफडत, थेट गोठ्याच्या कौलांवर.

"ठिपके! ये ये ये!" अपेक्षाने हाका मारल्या. ठिपकी कौलांच्या कण्यावर पाऊस झेलत उभी राहिली. मधलं पाणी आता कमरेचं राहिलं नव्हतं. त्यात ओढ होती.

टोपलीत नऊ अंडी उघडी पडली होती. अजून ऊन होती, आणि बाहेर वारा असा की हाडं गारठावीत. आणि खाली अजून तांदळाचं पिंप, पिण्याच्या पाण्याची कळशी, काडेपेटी, गोधड्या, सगळं वर यायचं होतं. अपेक्षा माळ्यावर पोचली आणि टोपली सासूपुढे ठेवली.

"आई, ही पोटाशी घ्या."

राहीबाई मागे सरकल्या. त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. "मी? अगो, माझ्या गळ्यात माळ हाय."

"माळ खायला नको म्हणते ना? ऊब द्यायला नको म्हणते काय?"

राहीबाईंनी टोपलीकडे पाहिलं.

"आत जीव हायत, आई. चालते-बोलते झालेत. तास-दोन तास उघडे राहिले तर संपले. मला खाली जायचंय, पाणी थांबत नाय." आणि मग अपेक्षा जरा खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्याच्यानं दोन्ही होत नाय."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. राहीबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग मांडी घालून बसल्या, लुगड्याचा ओचा सोडवला आणि म्हणाल्या, "दे. कशी धरायची?"

"जवळजवळ. आता फिरवायची नाय, हलवायची नाय. पोट नि मांड्यांच्या मध्ये घ्या. वरून ही गोधडी."

अपेक्षा शिडी उतरली. ती पुन्हा पुन्हा खाली गेली आणि वर आली, प्रत्येक वेळी पाणी एक पायरी वर चढलेलं. शेवटची कळशी वर दिली तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते. तिने कोरडं लुगडं गुंडाळलं आणि सासूपाशी येऊन बसली. कौलांवर पावसाचा असा मारा चालू होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. बाकीच्या दोन कोंबड्या वाशावर अंग फुगवून बसल्या होत्या. राहीबाई देवळातल्या मूर्तीसारख्या ताठ, डोळे मिटून, ओठ हलताहेत. नामस्मरण चाललं असावं. एकाएकी त्यांनी डोळे उघडले.

"अपेक्षा."

"काय?"

"आत कोणतरी बोललं."

अपेक्षाने गोधडीत डोकं घातलं. लुगड्याच्या घडीतून, कवचाच्या आतून, बारीक सुईसारखा आवाज आला. चिव. थांबून पुन्हा, चिव.

"फुटायला आलंय," ती म्हणाली. "ऐकलंत? ते तुम्हाला हाक मारतंय. कोंबडी असती तर तिनं उत्तर दिलं असतं."

"मंग मी काय करू?"

"द्या उत्तर."

राहीबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. माळ्यावर दुसरं कोण असणार? तरी पाहिलं. मग मान खाली घालून, अगदी हळू, घशातल्या घशात, "कुर्र, कुर्र," असं म्हणाल्या. आणि आतून उत्तर आलं. त्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा असा उजळला की अपेक्षाला क्षणभर खालच्या पाण्याचा विसर पडला.

दुपार कलायच्या आधी ओहोटी लागली तशी पाण्याचा चढ थांबला. शेवटच्या तीन पायऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. थोड्या वेळाने बाहेरून हाका आल्या. गावातला चंदू, मासेमारीची होडी असलेला, घरोघरच्या माणसांना उंचावरच्या शाळेत नेत होता. माळ्याच्या झरोक्याजवळची दोन कौलं काढून त्याने हात आत घातला.

"चला काकू! आजीला आधी द्या!"

राहीबाई जागच्या हलल्या नाहीत. "मी उठले तर ऊब जाईल."

"कसली ऊब? आजी, पोटाशी काय दडवलंय, सोनं काय?"

"पिल्लं हायत," राहीबाई म्हणाल्या, आणि इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की चंदू हसता हसता थांबला.

शेवटी अपेक्षाने लुगड्याच्या ओच्यासकट ती अंडी सासूच्या पोटाला गोधडीने घट्ट बांधली आणि दोघांनी मिळून राहीबाईंना भरल्या घागरीसारखं अलगद होडीत उतरवलं. दोन्ही कोंबड्या डालग्याखाली. टोपली मांडीवर. होडी वळणार तोच अपेक्षा म्हणाली, "चंदूभाऊ, गोठ्याकडून घ्या."

"काकू, माणसं वाट बघतायत."

"वाटेतच हाय. थांबायचं नाय, नुसतं घासून न्या."

होडी गोठ्याच्या कौलांना घासली, अपेक्षा उभी राहिली, तोल सावरला आणि एका हाताने ठिपकीचे दोन्ही पाय धरून तिला खाली ओढलं. ठिपकी ओरडलीसुद्धा नाही, इतकी थकली होती.

शाळेत वर्गावर्गांतून माणसं दाटली होती. मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती. अपेक्षाने तिथेच चुलीपासून हातभर अंतरावर बैठक मारली आणि ठिपकी कापडाने पुसायला घेतली. ओली कोंबडी अंड्यांवर ठेवली तर अंड्यांचीच ऊब ओढून घेते, म्हणून पिसन् पीस सुकेपर्यंत थांबणं भाग होतं. राहीबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून तशाच बसून. बाया येत, बघत, विचारत. "माळकरी बाईच्या ओच्यात अंडी!" अशी कुजबूज झाली. राहीबाईंनी ती ऐकली आणि नजर उचलून ठणकावलं, "हो. तुला काय अडचण हाय?" कुजबूज थांबली.

मग त्या एकदम ताठ झाल्या. "फुटलं गो. पायाला ओलं लागलं."

गोधडी उघडली तर ओच्यात एक काळपट, चिकट, मान न सावरणारा जीव आणि कवचाची दोन शकलं. आसपासच्या सगळ्यांनी माना पुढे केल्या. राहीबाईंनी ते ओंजळीत घेतलं. पकड मऊ होती.

आता खरी कसोटी होती ती ठिपकीची. एवढा धसका घेतलेली कोंबडी पुन्हा बसेलच असं नाही. कित्येकींची खुडकी एका भीतीने उतरते आणि मग त्या अंड्यांकडे दगडासारख्या बघतात. काही बाया म्हणाल्या, जबरदस्तीने दाबून ठेव. अपेक्षाने मान हलवली. तिने लगतच्या वर्गाचा सगळ्यात अंधारा कोपरा गाठला, टोपलीत शाळेच्या माळ्यावरचं कोरडं गवत भरलं, अंडी ठेवली, नवं पिल्लू त्यांच्यात ठेवलं, सुकलेली ठिपकी टोपलीशेजारी सोडली आणि सगळ्यावर डालगं आणि गोणपाट झाकलं. मग तिने सगळ्यांना मागे सारलं.

"कोणी हलायचं नाय. तिला तिचं तिला ठरवू दे."

आत बराच वेळ काहीच नाही. मग पिल्लू केविलवाणं ओरडलं. पुन्हा ओरडलं. मागे उभ्या राहीबाईंच्या तोंडून नकळत "कुर्र" निघून गेलं आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. आणि मग गोणपाटाखालून, जरा घोगरं, पण स्पष्ट, ठिपकीचं उत्तर आलं. गवत सळसळलं. अपेक्षाने बोटाने गोणपाटाची कड उचलून पाहिलं. ठिपकी टोपलीत चढली होती आणि चोचीने अंडी ओढून घेत होती.

अपेक्षाने कड सोडली आणि पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडायच्या आत ठिपकीच्या पंखांखालून सात तोंडं बाहेर डोकावत होती. दोन अंडी फुटली नाहीत. त्या परिस्थितीत सात म्हणजे अपेक्षालाही जास्त वाटली. पुढचे दिवस चिखलाचे होते. घरात गुडघाभर गाळ, भांडी गेलेली, पेटी कुठल्या तरी शेतात सापडलेली. मंगेश तिसऱ्या दिवशी चालत घरी आला, तेव्हा बायको आणि आई दोघी फावडी घेऊन गाळ ओढत होत्या आणि माळ्यावर, कोरड्या तुसात, सात पिल्लं फिरत होती. अपेक्षाने त्यांना बारीक चुरलेली कणी घातली, उथळ ताटलीत पाणी ठेवून त्यात खडे टाकले म्हणजे कुणी बुडू नये, आणि रस्ता सुरू झाल्यावर पहिली फेरी मारली ती दवाखान्यात, डोळ्यांत घालायच्या लसीसाठी. या खेपेला उशीर नाही, असं तिने मंगेशला बजावलं.

सातांपैकी सहा वाढली. दोन नर, चार तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या. दिवाळीनंतर तलंगांनी अंडी धरली आणि ठिपकीच्या जोडीच्या दोघी खुडूक झाल्या, त्यांच्याखाली नवी पिल्लं निघून वाढली, तेव्हा अपेक्षाने पुरात खुराडी गेलेल्या घरांना एकेक जोडी पोचवली. कुणी काही द्यायला लागलं तर ती म्हणायची, "तुझी बसली की चार अंडी मला आण. वेगळ्या घरातली हवीत, रक्त बदलायला." अशाने वाण फिरत राहिला. आज गावात करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेली कोंबडी न दिसणारं परस विरळा.

राहीबाईंची माळ गळ्यात आहे आणि सुकटीच्या वासाला खिडकी अजून लागते. पण सहांतला थोरला कोंबडा, जो त्यांच्या ओच्यात फुटला होता, तो दिवसभर त्यांच्या मागे असतो. मागच्या वर्षी शेताच्या राखणीला, म्हणजे रक्षण करणाऱ्या देवाला द्यायला, वाडीने एक कोंबडा मागितला. मानकरी दारात आला आणि त्याने नेमकं त्या कोंबड्याकडेच बोट दाखवलं, "हा द्या. देखणा हाय."

अपेक्षा उत्तर द्यायला तोंड उघडते तोच राहीबाई पुढे झाल्या. "हा नाय."

"देवाचं काम हाय, आजी."

"देवाला मी सांगते. तू नारळ घेऊन जा." त्यांनी आत जाऊन मोठा, शेंडीवाला नारळ आणला आणि मानकऱ्याच्या हातात ठेवला. "आणि त्याला म्हण, राहीने स्वतः उबवलंय हे. काय बोलायचं असेल तर माझ्याकडे ये."

मानकऱ्याने अपेक्षाकडे पाहिलं. अपेक्षाने खांदे उडवले, हसू दाबलं आणि कणीची परडी उचलून परसाकडे वळली, कारण तीन टोपल्यांत तीन कोंबड्या बसल्या होत्या आणि त्यांची उठायची वेळ झाली होती.